‘फुकट मिळतंय ना, मग तक्रार कसली?’ : एका फॉरवर्डला उत्तर

माझी भाची बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तिने ‘तंत्रज्ञान कंपन्या : मक्तेदार की मुक्तिदाते?’ हा विषय घेतला आणि भाषण मला वाचायला पाठवलं. दुसऱ्या परिच्छेदातच कळलं की हे तिचं लिखाण नाही. हाच मजकूर आमच्या सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, नातेवाइकांच्या, सगळ्या ग्रुपवर फिरून गेलेला आहे. ‘फुकटचं खाऊन वर शिव्या!’ असं शीर्षक, लिहिणाऱ्याचं नाव नाही, सात मुद्दे आणि शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’. ग्रुपवर आला तेव्हा मी दुर्लक्ष केलं. पण आता एक शिकणारी मुलगी तेच स्टेजवर उभी राहून बोलणार म्हटल्यावर राहवेना. ‘‘मावशी, यात चुकीचं काय आहे ते तरी सांग,’’ असं तीच म्हणाली. म्हणून हे एवढं सविस्तर.

ज्यांच्यापर्यंत तो मजकूर पोचला नसेल त्यांच्यासाठी त्याचं सार देते. गूगल, मेटा (फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपची मालक), अ‍ॅमेझॉनसारख्या कंपन्या सगळं फुकट नाहीतर स्वस्तात देतात, मग मक्तेदारी कसली? त्यांनी हे सगळं गॅरेजमधून, स्वतःच्या डोक्याने उभं केलं. आवडत नसेल तर दुसरं वापरा, एका क्लिकवर आहे. तुमच्या डेटाला एरवी कोण विचारतं? या कंपन्यांनी ज्ञान बहुजनांच्या दारात नेलं, आज महात्मा फुले असते तर त्यांनी यांचा सत्कार केला असता. आता भांडवल लागत नाही, हातात फोन असला की कुणीही उद्योजक. आणि शेवटचा दम : यांच्यावर बंधनं घातलीत तर त्या देश सोडून जातील, मग बसा.

मी सांगलीत छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते, जीएसटीची कामं करते. अर्थशास्त्राची प्राध्यापक नाही. पण पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे बघणं हेच माझं रोजचं काम आहे, आणि या मजकुरात नेमकं तेवढंच कुठे सांगितलेलं नाही.

फुकट, म्हणून मक्तेदारी नाही

अमेरिकेच्या न्याय विभागाने २० ऑक्टोबर २०२० रोजी गूगलवर खटला भरला. तेव्हा सरकार ट्रम्प यांचं होतं. सरकार बदललं, खटला चालूच राहिला, आणि ५ ऑगस्ट २०२४ रोजी वॉशिंग्टनच्या न्यायालयात न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला : गूगल मक्तेदार आहे, आणि ती मक्तेदारी टिकवण्यासाठी तिने कायदा मोडला आहे. सर्चसाठी लोक एक पैसा देत नाहीत हे न्यायाधीशांना माहीत होतंच. तरीही निकाल असा लागला, कारण पैसे देणारं गिऱ्हाईक वेगळं आहे. ते म्हणजे जाहिरातदार. मेटाचं उदाहरण घ्या. २०२४ साली तिची कमाई १६४ अब्ज डॉलरच्या वर होती आणि त्यातले ९७ टक्क्यांहून अधिक पैसे जाहिरातींचे होते.

आता ही जाहिरात विकली कशी जाते ते नीट बघा, कारण सगळी मेख तिथे आहे. सांगलीत कुणी ‘दातांचा दवाखाना’ असं शोधलं की वरच्या जागेसाठी त्या क्षणी लिलाव होतो. लिलावाचा मूळ नियम असा की पहिल्या नंबरवाल्याने आपण लावलेली पूर्ण बोली भरायची नाही. दुसऱ्या नंबरवाल्याला मागे टाकण्यापुरते पैसे भरायचे. शिवाय नंबर नुसत्या बोलीवर लागत नाही. लोक या जाहिरातीवर क्लिक करतील की नाही, याचा गूगलचा स्वतःचा अंदाज त्यात मिसळलेला असतो. हा अंदाज गूगल काढते आणि जाहिरातदाराला तो पूर्ण दिसत नाही. निकालपत्रात ‘स्क्वॉशिंग’ नावाच्या एका प्रकाराचं वर्णन आहे. दुसऱ्या नंबरवाल्याच्या जाहिरातीचा तो अंदाज मुद्दाम वाढवायचा. दुसरा पहिल्याच्या जवळ सरकला, की त्याला मागे टाकायला पहिल्याला जास्त पैसे मोजावे लागतात. पहिला दवाखाना तोच, जागा तीच, पेशंट तोच. बिल मात्र वाढलं. न्यायाधीशांनी पुढे असंही नोंदवलं आहे की या जाहिरातींचे दर ठरवताना प्रतिस्पर्ध्यांचे दर काय आहेत याचा विचार गूगल करत नव्हती. बाजारपेठेत बसलेला कुठलाही व्यापारी सांगेल, शेजारच्या दुकानाचा भाव न बघता आपला भाव वाढवायची हिंमत कुणाला होते. ज्याच्या शेजारी दुकानच नाही, त्यालाच.

तो दवाखाना हे पैसे कुठून आणतो? माझ्याकडे क्लासवाले, फर्निचरवाले, पॅथॉलॉजी लॅबवाले येतात. त्यांच्या टॅलीत ऑनलाइन जाहिरातीचं खातं आता दुकानभाड्याच्या शेजारी बसलेलं असतं. तो खर्च ते फीमध्ये, बिलात, वस्तूच्या किमतीत धरतात, दुसरं काय करतील? म्हणजे आपण सर्चचे पैसे देतोच, फक्त ते क्लासच्या पावतीवर देतो. भाचीने क्लासला भरलेल्या फीमध्येही ते आहेत.

याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यात गंभीर वाटते. गूगलने २०२० साली स्वतःच एक अभ्यास केला होता : सर्चचा दर्जा बराच खाली आणला तर उत्पन्न किती घटेल? उत्तर आलं, घटणार नाही. माल खराब केला तरी गिऱ्हाईक जात नाही हे कंपनीला स्वतःच्या आकड्यांवरून ठाऊक होतं. मक्तेदारीचा याहून स्वच्छ पुरावा मी तरी वाचलेला नाही.

एका क्लिकवर दुसरं आहे

असेल. मग गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर कशासाठी वाटले? मोबाइल कंपन्या आणि ब्राउझरवाले यांच्याकडे आपलं सर्च आधीपासून बसवलेलं असावं, म्हणून. एकट्या अ‍ॅपलला २०२२ साली सुमारे २० अब्ज डॉलर मिळाले. लोक आपण होऊन गूगलच निवडतात हे खरं असतं, तर एवढे पैसे कुणी मोजले असते का? निकालाप्रमाणे अमेरिकेतले जवळपास निम्मे शोध अशा करारांनी बांधलेल्या वाटांवरून जात होते.

आपल्याकडेही वेगळं नव्हतं. अँड्रॉइड फोन बनवणाऱ्याला प्ले स्टोअर हवं असेल तर गूगलची इतर अ‍ॅपही एकगठ्ठा घ्यावी लागत, आणि सर्चची पट्टी पहिल्याच स्क्रीनवर ठेवावी लागे. बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये यावरच १३३७.७६ कोटींचा दंड केला.

एक कबूल करायला हवं. गूगलचं सर्च चांगलं आहे. हे मेहता यांनीही लिहिलं आहे : हजारो कुशल इंजिनिअर, सतत नवं करत राहणं, धंद्यातले हुशार निर्णय, आणि त्यातून तयार झालेलं सगळ्यात दर्जेदार सर्च. मला ते नाकारायचं नाही. पण ते चांगलं का राहतं, याचं अर्धं उत्तर आता सांगते, आणि भांडवलशाही बदलते आहे असं मला वाटतं ते तिथेच.

जुना कारखाना कसा चाले ते आमच्या शेजारी इचलकरंजीत बघायला मिळतं. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग आणला. मुंबईत तेव्हा मोठमोठ्या गिरण्या होत्या, भांडवल होतं, बंदर होतं. तरी पुढे इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या मागांनी गिरण्यांचं कापडाचं मार्केट खाल्लं. याची कारणं अनेक, चांगली आणि वाईट. पण मूळ गोष्ट ही की माग विकत मिळत होता. गिरणीतून मोडीत निघालेला मागसुद्धा विकत घेऊन शेडमध्ये बसवता येत होता. यंत्र कुणा एकाचं नव्हतं, म्हणून लहान माणूस मोठ्याशी टक्कर घेऊ शकत होता.

सर्चचं यंत्र म्हणजे सर्व्हरची खोली नव्हे. करोडो लोकांनी वर्षानुवर्षं काय शोधलं, कुठल्या दुव्यावर क्लिक केलं, कुठून लगेच परत आले, हा साठा म्हणजे ते यंत्र. निकालात आकडा आहे : गूगलला १३ महिन्यांत जेवढा हा डेटा मिळतो, तेवढा गोळा करायला मायक्रोसॉफ्टला साडेसतरा वर्षं लागतील. मायक्रोसॉफ्टला! जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीची ही स्थिती, तर पुण्यातल्या कुठल्या नव्या कंपनीने काय करायचं? जास्त लोक वापरतात म्हणून जास्त डेटा, जास्त डेटा म्हणून जास्त चांगलं सर्च, ते चांगलं म्हणून जास्त जाहिराती, आणि त्या पैशांतून पुन्हा अ‍ॅपलला वीस अब्ज. हा माग कुठल्याच बाजारात विकायला येत नाही. वापरणारे आपण रोज तो फुकटात बांधून देतो आणि मालकी एकाची राहते.

म्हणूनच सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरवताना न्यायालयाने गूगलला तिच्या सर्चच्या डेटाचा काही भाग प्रतिस्पर्ध्यांना द्यायला सांगितलं आणि ‘फक्त गूगलचंच ठेवा’ असे करार बंद केले. क्रोम हा तिचा ब्राउझर विकायला लावलं नाही, सर्च आधीपासून बसवून घेण्यासाठी पैसे द्यायलाही सरसकट बंदी केली नाही. मला ते कमी वाटतं, आणि गूगलला जास्त वाटतं. पण डेटा हेच भांडवल आहे, एवढं तरी एका न्यायालयाने मान्य केलं.

तुमच्या डेटाला कोण विचारतं

एकट्याच्या डेटाला फारशी किंमत नाही, हे अर्धसत्य मी मान्य करते. मी कुठल्या दुकानातून साडी घेतली याचे कुणी शंभर रुपयेही देणार नाही. म्हणूनच ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?’ हा प्रश्न चुकतो. प्रश्न माझ्या गुपितांचा नाही. करोडो लोकांची माहिती एका जागी आली की न सांगितलेलंही कळतं, आणि ते ज्याला कळतं तोच भाव ठरवतो.

व्हॉट्सअ‍ॅपने जानेवारी २०२१ मध्ये काय केलं आठवतंय? नवं धोरण आलं : मेटाच्या इतर कंपन्यांबरोबर माहिती वाटली जाईल, मान्य करा. ‘नको’ म्हणून वापरत राहायची सोय भारतात ठेवली नव्हती. युरोपात कायदा कडक आहे, तिथल्या लोकांना वेगळी वागणूक मिळाली. स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी २१३.१४ कोटींचा दंड केला आणि जाहिरातींसाठी अशी माहिती वाटायला पाच वर्षं बंदी घातली. वर्षभराने अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, बंदी उठवली. आता हिशेब माझ्या कामाचा : मेटाच्या २०२४ च्या कमाईला दिवसांनी आणि तासांनी भागा. हा दंड म्हणजे त्या कंपनीची दीड तासाचीही कमाई नाही. ज्या माहितीला किंमतच नाही असं फॉरवर्ड म्हणतो, तिच्यासाठी कंपनी दोन न्यायपीठांपुढे वर्षानुवर्षं वकील उभे करते.

फुले असते तर

हा मुद्दा वाचून मी खरोखर संतापले. भाचीने भाषणात तो सगळ्यात शेवटी, टाळ्यांसाठी ठेवला होता. ‘जे ज्ञान मूठभरांच्या हातात होतं ते गूगलने बहुजनांच्या हातात दिलं. १८४८ साली जोतिरावांनी जे केलं तेच आज या कंपन्या करत आहेत.’

१८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली म्हणून जोतिरावांना आणि सावित्रीबाईंना घराबाहेर पडावं लागलं. ती शाळा त्यांनी जाहिरातदारांसाठी काढली नव्हती. एवढं सांगूनही थांबता आलं असतं. पण फुल्यांचं नाव घेतलंच आहे तर त्यांनी नक्की काय मांडलं ते बघूच.

१८८२ साली शिक्षणाची चौकशी करणारा सरकारी हंटर आयोग पुण्यात आला तेव्हा जोतिरावांनी त्यापुढे निवेदन दिलं. त्यातला मुख्य मुद्दा हिशेबाचा आहे. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, वरच्या वर्गाचा तिजोरीत वाटा जवळजवळ नाही. आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गासाठी खर्च होतो. सरकारचा युक्तिवाद असा होता की आधी वरच्यांना शिकवू, मग ज्ञान आपोआप खाली झिरपेल. जोतिरावांनी तो साफ फेटाळला. या शिकलेल्यांनी आपल्या अडाणी बांधवांसाठी काय केलं, शाळा काढल्या का, की ज्ञान स्वतःपाशीच धरून बसले, असं त्यांनी विचारलं. आणि मागितलं काय? प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, आणि शिक्षकही शेतकरी वर्गातून घ्या. म्हणजे नुसतं ऐकायला मिळणं त्यांना पुरेसं नव्हतं. शिकवणारा कोण, ठरवणारा कोण, पैसा कुणाचा, हे सगळं ते विचारत होते.

हेच प्रश्न आज विचारा.

पैसा आणि मेहनत कुणाची? विकिपीडिया हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींना शिकवण्याचा नेहमीचा कच्चा माल आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला आणि स्वयंसेवकांनी एक पैसा न घेता तो वाढवला. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तोही सरकारी, म्हणजे आपल्या पैशांतून. आज सगळे खंड इंटरनेटवर मोफत आहेत. वर्तमानपत्रं, ब्लॉग, पाककृती, प्रवासवर्णनं, गावोगावच्या लोकांनी लिहिलेल्या आठवणी, हे सगळं मिळून इंटरनेटवरचं मराठी तयार झालं. कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र आज जी मराठी बोलतं ती या सगळ्यांतून आली. लिहिणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. इंग्रजीतले लेखक निदान कोर्टात जाऊ शकले. अँथ्रॉपिक या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीने २०२५ मध्ये, चोरीच्या संग्रहांमधून पुस्तकं उतरवून घेतल्याच्या खटल्यात, लेखकांना दीड अब्ज डॉलर द्यायचं मान्य केलं. साधारण पाच लाख पुस्तकं, एकेकामागे सुमारे ३००० डॉलर. कायदेशीर मार्गाने घेतलेल्या पुस्तकांवर यंत्र शिकवायला त्याच न्यायाधीशांनी हरकत घेतली नव्हती. हरकत होती ती चोरीच्या साठ्याला. आपल्याकडे एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयवर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आहे. एखाद्या मराठी लेखकाने कॅलिफोर्नियात जाऊन भांडायचं म्हटलं तर त्याला ते परवडणार आहे का?

ठरवणारा कोण? सर्चमध्ये वर काय यायचं, कुठला व्हिडिओ मुलांपुढे ढकलायचा, कुठली बातमी दाबायची, हे नियम आपल्याला दिसत नाहीत. फेसबुकवर काय पसरतंय हे पत्रकारांना आणि संशोधकांना थोडंफार दाखवणारं क्राउडटँगल नावाचं एक साधन होतं. मेटाने ते ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केलं. समाजात काय चाललं आहे याचं ज्ञान समाजालाच बंद, आणि कंपनीला खुलं. जोतिराव याच गोष्टीशी आयुष्यभर लढले, आणि पोथी कुणाच्या ताब्यात आहे हाच त्यांचा प्रश्न होता.

आणि ज्ञान घरबसल्या मिळतं म्हणता, तर तेही अर्धंच. संशोधनाच्या नियतकालिकांचंच बघा. करदात्यांच्या पैशांतून संशोधन होतं, प्राध्यापक फुकट लिहितात, दुसरे प्राध्यापक फुकट तपासतात, आणि तेच वाचायला विद्यापीठाला मोठ्या प्रकाशन कंपन्यांना पैसे द्यावे लागतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीस प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली करायला तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये मंजूर केले. विद्यार्थ्यांची सोय झाली, चांगलं झालं. पण स्वतःच पिकवलेलं परत विकत घ्यायला सहा हजार कोटी लागले, हेही लिहून ठेवायला हवं. तंत्रज्ञान कंपन्यांची कमाई याच जातीची आहे. नवीन काही बनवून विकण्यापेक्षा, सगळ्यांनी मिळून बनवलेल्या गोष्टीच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडून भाडं घेणं.

यूट्यूबवर गणित शिकून पास झालेली मुलं मी पाहिली आहेत. खेड्यातल्या बाईला फोनवर मराठीत औषधाची माहिती मिळते, तेही खरं. ते मी खोडून काढत नाही. पण त्याबद्दल आभार मानायचेच तर शिकवणाऱ्या त्या शिक्षकांचे माना. आणि फुल्यांचं नाव भाडं वसूल करणाऱ्याच्या गळ्यात घालू नका.

गॅरेज

हा मुद्दा चार ओळींत संपतो. इंटरनेटची मुळं अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशांतल्या अर्पानेटमध्ये आहेत. वर्ल्ड वाइड वेब स्वित्झर्लंडमधल्या सर्न या सरकारी पैशांवरच्या प्रयोगशाळेत जन्मलं आणि सर्नने ३० एप्रिल १९९३ ला ते जगाला मोफत दिलं. गूगलचं मूळ संशोधन स्टॅनफर्ड विद्यापीठात, अमेरिकी सरकारच्या विज्ञान निधीच्या मदतीने झालं. पेटंट विद्यापीठाच्या नावावर होतं आणि त्याच्या बदल्यात मिळालेले शेअर विकून स्टॅनफर्डला सुमारे ३३.६ कोटी डॉलर मिळाले. हुशारी होतीच, कष्टही होते. पण जमीन सार्वजनिक होती. सर्नने तेव्हा वेबवर पेटंट घेऊन भाडं लावलं असतं, तर यातली एकही कंपनी उभी राहिली नसती.

फोन असला की उद्योजक

यातही थोडं खरं आहे. सांगलीत हळद, बेदाणे, मसाले फोनवरून विकणाऱ्या बायका माझ्याकडे रिटर्न भरायला येतात. दहा वर्षांपूर्वी त्यांना हे जमलं नसतं. पण भांडवल लागत नाही हे खोटं. भांडवल लागतं, ते फक्त त्यांचं नसतं. दुकान, रस्ता, गिऱ्हाईकाचा पत्ता आणि कुणाचा माल वर दिसणार हे सगळं दुसऱ्याच्या हातात असतं. अ‍ॅपमधून डिजिटल गोष्टी विकणाऱ्याकडून अ‍ॅप स्टोअरवाले साधारण १५ ते ३० टक्के घेत आले आहेत.

आणि दुकान ज्याचं, तो तुमची वहीही वाचतो. रॉयटर्सने ऑक्टोबर २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या भारतातल्या धंद्याची हजारो पानं अंतर्गत कागदपत्रं तपासून बातमी दिली. त्यानुसार, आपल्या साइटवर इतर विक्रेत्यांचं काय खपतं, काय परत येतं हे बघून कंपनीने सोलिमोसारखे स्वतःचे ब्रँड तयार केले आणि शोधाच्या यादीत ते वर दिसतील असं बघितलं. एक उदाहरण शर्टाचं आहे. अ‍ॅमेझॉनच्या एका ब्रँडचे शर्ट माप बसत नाही म्हणून परत येत होते. तेव्हा जॉन मिलर या भारतीय ब्रँडच्या शर्टाची मापं, गळ्याचा घेर आणि बाहीची लांबीसुद्धा, जशीच्या तशी घ्यायचं ठरलं. कंपनीने हे आरोप चुकीचे आणि निराधार असल्याचं सांगितलं. पण यंत्रणा काय आहे ते त्या शर्टावरून कळतं. भारतीय माणसाच्या अंगाला कुठला शर्ट बसतो हे ज्ञान त्या ब्रँडने वर्षानुवर्षं कापड वाया घालवून, परत आलेला माल सोसून मिळवलेलं असतं. ज्याच्या गल्ल्यावरून सगळ्यांची विक्री जाते, त्याला ते एका तक्त्यात दिसतं. युरोपात डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनला लेखी कबूल करावं लागलं की विक्रेत्यांचा खासगी डेटा ती स्वतःच्या मालासाठी वापरणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या मसालेवाल्या बायकांना तेवढं संरक्षण कुणी दिलेलं नाही.

देश सोडून जातील

फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’चा मार्ग बंद केला. निवडक साइट फुकट आणि बाकीचं इंटरनेट पैशांनी, असा तो प्रकार होता. त्याआधी कंपनीने पानपानभर जाहिराती दिल्या होत्या. बंदीनंतर फेसबुक गेलं का? ऑनलाइन जाहिरातींवरचा ६ टक्के कर त्याच वर्षी लागला आणि नऊ वर्षं राहिला. त्यामुळे कुणी गेलं का? उलट अमेरिकेशी व्यापाराच्या वाटाघाटी चालू असताना आपण तो १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पर्धा आयोगाच्या अँड्रॉइडवरच्या आदेशाला स्थगिती द्यायला नकार दिला, आणि आठवड्याच्या आत गूगलने भारतातले अँड्रॉइडचे नियम बदलायचं जाहीर केलं. सर्च कुठलं हवं ते निवडायची सोय आली, अ‍ॅप एकगठ्ठा घ्यायची सक्ती गेली. फोन बंद पडले नाहीत.

एवढं मोठं मार्केट कुणी सोडत नाही, आणि म्हणूनच आपल्या हातात ताकद आहे. ती वापरायला कायदा लागतो. आताच्या कायद्याने आधी नुकसान होऊ द्यायचं, मग चौकशी, मग दंड, मग अपील, यात वर्षं जातात. बलाढ्य कंपन्यांवर आधीच नियम लागू करणाऱ्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये लोकांपुढे ठेवला होता. मोठ्या कंपन्यांनी त्याला जोरदार विरोध केला आणि तो मसुदाच राहिला. भाचीला मी सांगितलं आहे, स्पर्धेला परीक्षक म्हणून आमदार-खासदार कुणी आले, तर भाषण संपल्यावर त्या विधेयकाचं काय झालं ते त्यांना विचार.